एपिजेनेटिक्स आणि पिढ्यांचा वारसा: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे नौपाड्यापासून नेरूळपर्यंत कुठल्या ना कुठल्या महिला मंडळात नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर बोलायची वेळ येते. बोलणं संपतं, चहा होतो, आणि मग व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. नावं गाळली आहेत. भाषा जमेल तेवढी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. गोळ्या आणि तपासण्यांचा निर्णय मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

१. एपिजेनेटिक्स म्हणजे काय? दहावीच्या मुलाला कळेल असं सांगा.

डोळ्यातल्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच असतो. प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं दोन्हीकडे सारखीच. तरी डोळा पित्त बनवत नाही आणि यकृताला दिसत नाही. कारण कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, याच्या खुणा डीएनएवर आणि त्याच्या आजूबाजूला केलेल्या असतात. सोसायटीच्या मीटर रूममध्ये एखाद्या बटणावर वायरमन चिकटपट्टी लावून ठेवतो ना, तसं. वायरिंग शाबूत, बटण शाबूत, पण ते कुणी दाबत नाही. आणि पट्टी काढताही येते.

या खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या. एक, डीएनएच्या सायटोसिन या अक्षराला चिकटणारा मिथाइल गट. तो जनुकाच्या सुरुवातीला दाटीने बसला की ते जनुक बहुधा गप्प होतं. दुसरी खूण हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळपास २ मीटर भरेल. तो मावावा म्हणून दर १४७ अक्षरांचा वेढा हिस्टोनच्या गोळ्याभोवती दिलेला असतो. वेढा घट्ट तर जनुक बंद, सैल तर वाचता येतं. पेशी दुभंगली की मिथाइल खुणांची नक्कल नव्या पेशीतही उतरते, म्हणून यकृताची पेशी यकृताचीच राहते. ही संज्ञा कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये वापरात आणली, तेव्हा डीएनएची रचनाही कुणाला माहीत नव्हती.

२. आमच्याकडे थॅलेसेमियाची तपासणी करायला सांगितली. तोही एपिजेनेटिक आजार का?

नाही. थॅलेसेमियात जनुकाची अक्षरंच बदललेली असतात. आई-वडील दोघंही वाहक (बदललेलं जनुक अंगात, पण स्वतः आजारी नाहीत) असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. ही शक्यता आहार, विचार, संगीत कशानेही बदलत नाही. उल्हासनगर-कल्याण पट्ट्यातल्या सिंधी कुटुंबांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण कुठल्याच समाजाने आपण सुटलो असं मानू नये. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला एचबीए-२ ची रक्ततपासणी करून घ्या. ‘एपिजेनेटिक्समुळे जनुकं बदलता येतात’ असं कुठेतरी वाचून ही तपासणी टाळणारे लोक मला भेटले आहेत, म्हणून हा प्रश्न इतक्या वर घेतला.

३. या खुणा डोळ्यांनी दिसतात का कुठे?

चेंदणी कोळीवाड्यात मासळीच्या पाटीभोवती घुटमळणारी तिरंगी मांजर बघा. अंगावर केशरी ठिपका, त्याला लागून काळा, आणि पोट पांढरं. केशरी की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत दोन एक्स असतात, आणि गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी त्यातलं एक कायमचं बंद करते. कुठलं, हे त्या पेशीपुरतं नशिबावर. पण एकदा ठरलं की त्या पेशीची सगळी लेकरं तोच निर्णय पाळतात. त्वचेच्या एका पट्ट्यात केशरीवालं एक्स चालू, शेजारच्या पट्ट्यात काळंवालं. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. पांढऱ्याचं कारण वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत एका तिरंगी मांजरीची हुबेहूब जनुकीय प्रत बनवली, तर पिल्लाच्या अंगावर केशरी ठिपकाच नाही! ज्या पेशीपासून प्रत बनवली तिच्यात केशरीवालं एक्स बंद होतं, आणि ते तसंच राहिलं. स्त्रियांच्या शरीरातही एक एक्स असंच बंद होतं; फक्त ते कातडीवर दिसत नाही.

४. मुख्य प्रश्न: या खुणा आपल्याकडून मुलांकडे जातात का?

बहुतेक जात नाहीत. माणसात आणि एकूणच सस्तन प्राण्यांत खुणा दोनदा पुसल्या जातात. पहिली पुसणी फलनानंतर लगेच, गर्भ गर्भाशयात रुजायच्या आधीच्या दिवसांत. दुसरी त्याच गर्भात पुढे, ज्या पेशींपासून त्याचे शुक्राणू किंवा बीजांडं बनणार आहेत त्यांच्यात; ही जास्त कडक. त्यानंतर लिंगानुसार नव्याने खुणा लिहिल्या जातात. निसर्गाला हे करावंच लागतं. शुक्राणू ही अत्यंत विशेष कामाची पेशी. तिच्या खुणा तशाच राहिल्या तर तिच्यापासून मेंदू आणि हाडं कशी बनणार?

पण पुसणी शंभर टक्के नसते. सुमारे १०० जनुकं अशी आहेत की त्यांच्यावरचा ‘ही प्रत आईकडची’ किंवा ‘ही प्रत वडिलांकडची’ हा ठसा पहिल्या पुसणीतून मुद्दाम वाचवला जातो. त्या जनुकांची एकच प्रत काम करते. हा ठसा खरोखर आई-वडिलांकडून आलेला असतो, पण त्याची मुदत एका पिढीची. मुलगा त्याच्या शुक्राणूंत सगळीकडे ‘वडील’ असाच ठसा नव्याने मारतो, मग ती प्रत त्याला आजोबांकडून आलेली असो की आजीकडून. ठसा चुकला तर काय होतं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

वनस्पतींत ही पुसणी इतकी कडक नसते, म्हणून तिथे मिथाइल खुणा पिढ्यानपिढ्या टिकल्याची पक्की उदाहरणं आहेत. सूत्रकृमीतही काही खुणा अनेक पिढ्या चालतात. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ अशी बातमी दिसली की आधी एवढंच बघा: कुठल्या जिवात?

५. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात गरोदर होती. खडी फोडायला जायची, मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. माझ्या आईला आणि आता मलाही मधुमेह आहे. हे त्या दुष्काळामुळेच का?

एकट्या घराबद्दल कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तुमच्या प्रश्नातला हिशोब फार महत्त्वाचा आहे, तो नीट मांडू.

आजी उपाशी होती. तिच्या पोटात तुमची आई होती. मुलीची बीजांडं ती जन्मायच्या आधीच, आईच्या पोटात असताना तयार होतात. म्हणजे ज्या बीजांडापासून तुम्ही झालात ते त्या वेळी तिथेच होतं. त्या एका उपासाची झळ तीन पिढ्यांना थेट लागली. याला वारसा म्हणत नाहीत, हा प्रत्यक्ष परिणाम झाला. गरोदर बाईपासून सुरू होणाऱ्या साखळीत खरा ‘पिढ्यांपार वारसा’ म्हणायचा तर तो चौथ्या पिढीत, म्हणजे तुमच्या मुलांमध्ये दिसायला हवा. वडिलांच्या बाजूने मोजताना तिसरी पिढी पुरते, कारण तिथे फक्त तो पुरुष आणि त्याचे शुक्राणूच परिस्थितीला सामोरे जातात. वर्तमानपत्रांतल्या निम्म्या बातम्या या हिशोबातच बाद होतात.

थेट परिणामाचा पुरावा मात्र चांगला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भयंकर उपासमार झाली. त्या काळात गर्भधारणा झालेल्या लोकांना साठाव्या वर्षाच्या आसपास तपासलं, तेव्हा वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावर त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा मिथाइल खुणा थोड्या कमी निघाल्या (२००८ चा अभ्यास). गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांत तो फरक नव्हता. म्हणजे वेळ महत्त्वाची. त्या पिढीत साखरेचे त्रासही जास्त आढळले.

आता दुसरी बाजू. आई आणि तुम्ही एकाच घरात जेवलात, तुमची निम्मी जनुकं तिचीच आहेत, आणि गाव सोडून इथे आल्यावर दोघींचं चालणं कमी झालं. मधुमेहाला एवढी कारणं पुरेशी आहेत.

६. घरात कुणीच जाड नाही, तरी तिशी-पस्तिशीत सगळ्यांना शुगर. हे कसं?

याचं उत्तर शोधण्यात पुण्याने जगाला वाट दाखवली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी असतात ते स्नायू आणि अवयव. चरबी त्या मानाने शाबूत असते. वरून बारीक, आतून चरबीदार. डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

याला एपिजेनेटिक्स किती जबाबदार, जनुकं किती आणि नंतरचं खाणंपिणं किती, याची वाटणी अजून झालेली नाही. तोवर वजनकाट्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा पोटाचा घेर मोजा आणि तिशीनंतर साखर तपासत जा.

७. सुनेला दिवस गेल्यावर फॉलिक ॲसिड सुरू करायचं ना?

त्याआधी. बाळाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत काम उरकत आलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरवलं की किमान महिनाभर आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असेल किंवा मधुमेह, फिटची औषधं असं काही असेल तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टर ठरवतील.

पण ‘फॉलिक’ चालू केलं आणि झालं, असं आपल्याकडे चालत नाही. मिथाइल गट पेशीला पुरवायचं काम फोलेट आणि बी-१२ जोडीने करतात, आणि आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची बोंब असते. पुण्याच्या त्याच अभ्यासात दोनतृतीयांश गर्भवतींत ते कमी होतं. ज्यांच्यात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. तेव्हा बी-१२ ची तपासणीही करून घ्या. दूध-दही रोज, आणि कमी असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शन.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक मोठा प्रयोग झाला. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला. सरसकट सगळ्यांचा हिशोब केला तर बाळाच्या वजनात फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्याच्या तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांच्या बाळांत थोडा पडला, आणि गरोदरपणातला मधुमेहही कमी झाला. सुनेच्या डोहाळजेवणाला पंगत उठवणाऱ्या घरांनी त्याच्या वर्षभर आधी तिच्या डब्यात काय जातं ते बघावं.

८. आमच्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, फक्त मशेरी लावतात. ती चालते ना?

अजिबात नाही. मुंबईत १,२१७ महिलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. धूम्रपान करणाऱ्या आयांच्या नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तात मिथाइल खुणांचे ठरावीक बदल दिसतात, हा या शास्त्रातल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक. मोठ्या माणसांनी सिगारेट सोडली की हे बदल वर्षानुवर्षांत हळूहळू मागे फिरतात.

९. सगळं आईच्याच डोक्यावर का? बापाचं काही नाही?

आहे. उंदरांत वडिलांच्या आहाराचे परिणाम शुक्राणूंतल्या आरएनए या डीएनएसारख्याच रेणूच्या छोट्या तुकड्यांमधून पिल्लांपर्यंत जातात असं दिसलं आहे. माणसात पुरावा पातळ आहे. स्वीडनच्या ओव्हरकालिक्स गावातल्या जुन्या पिकांच्या नोंदींवरून असं मांडलं गेलं की आजोबांना ९ ते १२ या वयात मुबलक खायला मिळालं असेल तर नातवांत मधुमेहाने मृत्यू जास्त. गोष्ट म्हणून छान, पण माणसं थोडी आणि तुलना खूप, त्यामुळे मी तिच्यावर इमारत बांधणार नाही.

व्यवहाराचं सांगते: शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मूल हवं असेल तर तंबाखू, गुटखा, दारू नवऱ्यानेही तीन महिने आधी सोडावी. महिला मंडळात हे सांगितलं की टाळ्या पडतात. मला ते पुरुषांसमोर सांगायचं आहे.

१०. गर्भसंस्काराच्या क्लासवाल्यांनी सांगितलं की मंत्र आणि संगीताने बाळाचा डीएनए बदलतो, आणि उंदरांचा फोटोही दाखवला. खरं आहे का?

फोटो खरा आहे, अर्थ खोटा. एक पिवळा लठ्ठ उंदीर आणि एक तपकिरी सडपातळ उंदीर, जनुकं सारखीच, हाच ना? २००३ च्या त्या प्रयोगात गाभण उंदरिणींना फोलेट, बी-१२, कोलीन आणि बीटेन खायला घातलं, तेव्हा तपकिरी पिल्लं जास्त झाली. त्या जातीच्या उंदरात रंगाच्या जनुकाशेजारी एक उपरा डीएनए तुकडा बसलेला असतो आणि त्याच्यावर मिथाइल खुणा पडल्या की रंग बदलतो. माणसात तो तुकडा त्या जागी नाही. शिवाय प्रयोग खाण्याचा होता, मंत्रांचा नव्हता.

साधारण सहाव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं, हे खरं. तुम्हाला रामरक्षा म्हणून शांत वाटत असेल तर जरूर म्हणा, गाणी ऐका. आईला विसावा मिळणं चांगलंच. पण ‘डीएनए पातळीवर संस्कार’ म्हणून कुणी पॅकेजचे हजारो रुपये मागत असेल, तर ते पैसे अंडी, दूध, डाळ, फळांवर खर्च करा. यातली मला खटकणारी दुसरी बाजू म्हणजे मूल पुढे अभ्यासात मागे पडलं किंवा ऑटिझम निघाला, की ‘तू नऊ महिने नीट राहिली नाहीस’ हे ऐकून घ्यायला तीच बाई उभी असते. त्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही.

११. आजोबा फाळणीत सगळं सोडून कल्याण कॅम्पात आले. त्यांनी भोगलेलं माझ्या जनुकांत उतरलंय का? मला सतत धास्ती वाटते.

या विषयावर २०१६ चा एक अभ्यास फार गाजला: नाझी छळातून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं. ताणाशी संबंधित एका जनुकावर दोघांतही फरक दिसला, पण उलट दिशांनी. पालकांत खुणा जास्त, मुलांत कमी. म्हणजे खूण जशीच्या तशी उतरली असं त्यातूनही निघत नाही. संख्या लहान आणि तपासलं रक्त, मेंदू नव्हे. मुलं त्या पालकांच्या हाताखाली वाढली होती, हेही आलंच.

धास्ती घरातून येते यात शंका नाही. रात्री तीनदा कडी तपासणारे आजोबा, पैशाचं नाव काढलं की गप्प होणारे वडील, हे बघत मूल वाढतं. त्याला मिथाइल लागत नाही. सतत धास्ती वाटत असेल तर समुपदेशकाकडे जा. ती खूण असो वा सवय, उपचार तोच आहे.

१२. आमच्या घराण्यात गाणं रक्तातच आहे. तेही एपिजेनेटिक?

घराण्यात तानपुरा आहे आणि पहाटे पाचला उठवणारं कुणीतरी आहे. कमावलेली विद्या खुणांतून मुलांत उतरते याला पुरावा नाही.

१३. आम्ही रबाळे-तुर्भे पट्ट्यात राहतो. कंपन्यांच्या धुराने मुलांच्या जनुकांवर खुणा पडत असतील?

हवेतल्या सूक्ष्म कणांचा आणि रक्तातल्या आणि वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) मिथाइल बदलांचा संबंध जगभरच्या अभ्यासांत दिसला आहे. पण एका मुलाचं रक्त तपासून ‘हे धुरामुळे’ असं सांगणारी चाचणी नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. खराब हवा दमा वाढवते आणि बाळाचं वजन घटवते. तक्रार करायला एवढं पुरतं.

१४. जैविक वय सांगणारी टेस्ट करू का? घरून थुंकी नेतात म्हणे.

कल्पना भरीव आहे. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांच्या मिथाइल खुणांवरून वय काढून दाखवलं. चूक साधारण साडेतीन-चार वर्षांची. हजारो लोकांच्या संशोधनाला हे उत्तम. एका माणसाला ‘तुम्ही ५२ चे, पण आतून ४७’ असं सांगून करायचं काय? पुढचा सल्ला तोच येणार: चाला, झोपा, तंबाखू सोडा. चाचणीसोबत त्याच कंपनीच्या गोळ्या आल्या तर समजून जा.

१५. आयव्हीएफने झालेल्या मुलांत आणि कॅन्सरमध्ये या खुणा बिघडतात असं वाचलं. घाबरायचं का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. आयव्हीएफमधलं पहिलं आठवडाभराचं काम प्रयोगशाळेत चालतं, आणि पहिली पुसणी नेमकी तेव्हाच होते (प्रश्न ४). बेकविथ-वीडमन नावाचा, आई-वडिलांकडच्या ठशात बिघाड झाल्याने होणारा आजार अशा मुलांत काही पटींनी जास्त आढळतो. पण मुळात तो दहा-पंधरा हजारांत एखाद्याला होतो, त्यामुळे काही पटी धरूनही दुर्मीळच. शिवाय वंध्यत्वाचं मूळ कारणही यात वाटेकरी असू शकतं. ठाण्यातल्या एखाद्या क्लिनिकमध्ये उपचार चालू असतील तर यासाठी थांबवू नका.

कॅन्सरच्या गाठीत खुणा बिघडतातच, पण त्या गाठीपुरत्या. मुलांत जात नाहीत. उलट त्यांचा उपयोग होतो. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा गाठीत एमजीएमटी जनुकावर मिथाइल खुणा असतील तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त लागू पडतं. ॲझासिटिडिनसारखी औषधं तर या खुणाच काढतात आणि अस्थिमज्जेच्या काही आजारांत वापरली जातात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या त्या केंद्रात, या विषयावर संशोधन चालतं. अपवाद क्वचित आढळतो: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंधित एमएलएच-१ जनुक काही माणसांत जन्मापासूनच मिथाइलने बंद असतं. तेही पुढच्या पिढीत बहुधा पुसलं जातं.

१६. नातू जन्मल्यापासून लुळा, दूध ओढता येत नव्हतं. गुणसूत्रांची तपासणी नॉर्मल, पण मिथायलेशन चाचणीत प्राडर-विली निघालं. दोन्ही खरं कसं? आणि दुसऱ्या बाळाला होईल का?

दोन्ही खरं असू शकतं. पंधराव्या गुणसूत्रावर एक भाग असा आहे की तिथली काही जनुकं फक्त वडिलांकडच्या प्रतीतून चालतात. ती प्रत मिळाली नाही तर प्राडर-विली हा आजार होतो; शेजारचंच एक जनुक मेंदूत फक्त आईकडच्या प्रतीतून चालतं, ते गेलं तर अँजेलमन, पूर्ण वेगळा आजार. साधारण ७० टक्के प्राडर-विलीत वडिलांकडचा तुकडा गळालेला असतो. तो इतका छोटा की साध्या गुणसूत्र तपासणीत सुटू शकतो. पंचवीसेक टक्क्यांत मुलाला दोन्ही पंधरावी गुणसूत्रं आईकडूनच आलेली असतात. मोजायला गेलं तर ४६ पूर्ण, तुकडा गळालेला नाही, म्हणून तपासणी नॉर्मल. पण दोन्हींवर ठसा (प्रश्न ४) आईचा. मिथायलेशन चाचणी ठसाच वाचते, म्हणून तिला दिसतं.

पुढच्या बाळाचा धोका कारणावर ठरतो. वरच्या दोन्ही प्रकारांत तो सहसा एक टक्क्याहून कमी. उरलेल्या मोजक्या मुलांत ठसा मारणाऱ्या केंद्रातच बिघाड असतो, आणि तो वडिलांनाही असेल तर धोका ५० टक्क्यांपर्यंत जातो. वडील स्वतः ठणठणीत असू शकतात, कारण त्यांना तो त्यांच्या आईकडून आलेला असतो आणि आईकडच्या प्रतीत त्याने काही बिघडत नाही. तेव्हा जनुकीय समुपदेशकाला दाखवून कारण शोधणारी पुढची तपासणी करा; त्यासाठी आई-वडिलांचंही रक्त लागेल. अहवालावर नुसतं ‘मिथायलेशन असामान्य’ लिहून आलं असेल तर तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा दुसऱ्या गर्भारपणाच्या आधी हातात हवा.